नव्या पिस्तुलासोबत सेल्फी

चहा टाक गं, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. तीन वर्षं मी रेंजवर नेमबाजी करतेय. क्लबमध्ये नवं छोटं पिस्तूल आलं, त्यासाठी महिनाभर नंबर लावून बसले होते. पुण्याहून आलेला माझा दीर मंदार सोबत होता. पाहुणा म्हणून पहिला मान त्याला दिला, हीच माझी चूक!

पिस्तूल हातात येताच हा सेल्फीसाठी गर्रकन वळला. नळी थेट माझ्या पोटावर! रेंज ऑफिसर किंचाळला, त्याने पिस्तूल काढून घेतलं आणि दोघांनाही बाहेर काढलं.

"वहिनी, एवढं काय? गोळी कुठे होती त्यात?"

आम्ही घरी पोचेपर्यंत त्याचा तो फोटो फॅमिली ग्रुपवर. खाली सासूबाई: "शाब्बास मंदार! सूनबाई, तूही शिकून घे त्याच्याकडून."