तळघराच्या दारापर्यंतची पावलं

मी, श्रीनिवास भालचंद्र आगटे, वय ७६, धंदा निवृत्त आरेखक, सार्वजनिक बांधकाम खाते, सातारा, सध्या मुक्काम मुलगा यतीन याच्या घरी, द हेग. आज दि. १९ सप्टेंबर २०२४ रोजी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून, दुभाषी जयंतीबाई यांच्यामार्फत, विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या रस्त्यावर इंग्रजी धाटणीची बारा जुनी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पायऱ्या चढून मालकांचं दार, त्यावर अर्धगोल काच. लोखंडी कठड्याआड सात पायऱ्या उतरून तळघरातल्या स्वयंपाकघराचं दार, तिथून पूर्वी नोकर ये-जा करत. खालच्या खिडक्या उंच, वर जावं तशा बुटक्या. असं प्रमाणबद्ध काम मी फक्त नकाशात पाहिलं होतं. पण बाराही घरं हुबेहूब. म्हणून कोपऱ्यापासून मी शाळेतली कविता म्हणत येतो, दाराला एक ओळ. आठवी ओळ आली की आमचं घर.

दि. १० रोजी गौरी यायच्या होत्या. पावलं माझी पत्नी उल्का काढत असे, गेल्या वर्षीपर्यंत. यंदा सून वैदेही म्हणाली, "बाबा, तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच काढा." पीठ डब्यात कालवून देऊन ती कामावर गेली. डबा पिशवीत ठेवून मी ट्रामच्या थांब्यावरून फुलं आणायला गेलो.

दीडच्या सुमारास परतलो. आठव्या ओळीला थांबलो. गौर माहेरवाशीण, ती स्वयंपाकघरातूनच येणार. म्हणून कठड्याच्या फाटकापासून खालच्या दारापर्यंत मुठीच्या कडेनं पावलं उमटवली. किल्ली फिरेना. पुढच्या घराला लावून पाहिली, तिथं फिरली. तिथं पावलं नव्हती. मला वाटलं, पावसानं पुसली. पाऊस पडला होता का, हे आता सांगता येत नाही.

ते घर सातवं असावं. एखादी ओळ गळली असेल. कोणती, असं साहेबांनी विचारलं. इथं म्हणून पाहिली तर सगळ्या ओळी आल्या.

सातव्या घरातल्या बाई एकट्या राहतात. त्यांना ती पावलं म्हणजे घरफोड्यांच्या खुणा वाटल्या. त्याच सकाळी खिडक्या पुसणारा विम तिथं खाली उतरला होता. रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला आणि बाराही घरांनी त्याचं काम बंद केलं. आमच्या घरानंही. हे यतीननं काल जेवताना सांगितलं. मी म्हणालो, ती पावलं माझी. त्यानं ताटातला भात कालवला. मग म्हणाला, "बाबा, परका देश आहे. गप्प बसा. त्याला दुसरी कामं मिळतील." मी इथं आल्याचं त्याला माहीत नाही.

साहेबांनी शाईचा पॅड दिला. मूठ उमटवली, ती त्या बाईंनी दिलेल्या पावलांच्या फोटोशी जुळली. बोटं दाराकडे का, ही आत शिरायची खूण नव्हे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "आत यायचीच आहे. जाणारी पावलं आमच्यात कोणी काढत नाही."

विमवर संशय उरला नाही, तसं पत्र बाराही घरांना जाईल, असं साहेब म्हणाले. आमच्या घरचं पत्र मी हातीच मागून घेतलं आहे. ते मी आज यतीनला देणार आहे.

हा जबाब जयंतीबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

श्री. भा. आगटे