तोंडी घातलेली सयादिया

नाही, पण मी म्हणतो, समोर अक्षरं सरकतायत म्हणून माणसाने ती वाचलीच पाहिजेत असं कुठे आहे? खोकला काढता येतो, चष्मा सापडत नाही म्हणता येतं, आणि आमच्या अलेक्झांड्रियातल्या बायकांना काहीच सुचलं नाही तर भांडण तरी काढता येतं! पण आमच्या सासूबाईंनी, हाज्जा तफीदांनी, वाचलं. सगळं वाचलं. त्यात माझा दोष काय? मी फक्त अक्षरं सरकवली. एवढंच.

तुम्हाला सांगतो, सुरुवात चांगल्या हेतूनेच झाली होती. माझी बायको शाहिनाझ म्हणाली, आईच्या हाताला एवढी चव आहे, तिच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करून टाकूया. केले. पण हाज्जांना बोला म्हटलं की त्या स्वयंपाक सोडून सगळ्यावर बोलतात. मासा हातात घेतला की मासेवाला आठवतो, मासेवाल्यावरून त्याची पहिली बायको, तिच्यावरून ते लग्न नक्की कोणी मोडलं... मोबाइलची बॅटरी संपली तरी मासा आपला पिशवीतच!

मग मी ते टेलिप्रॉम्प्टरचं अॅप घेतलं. बातम्या देणाऱ्या लोकांसमोर असतो ना, तसलाच प्रकार. आपण मजकूर लिहायचा, तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत खालून वर सरकतो, बोलणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघत वाचत जायचं. पहिल्या दिवशी वेग कमी ठेवला, तर पुढची ओळ येईपर्यंत हाज्जा आधीचा शब्द ओढत बसल्या, 'जिरंऽऽऽऽ', शेजारपाजारचे खिडकीत आले. वेग वाढवला, तर श्वास न घेता सुटल्या, मागे लसूण जळतोय, मी हातवारे करतोय, गॅस, गॅस बंद करा, आणि त्या वाचतायत! नंतर म्हणाल्या, अक्षरंच थांबत नाहीत तर मी कशी थांबू बाळा? इतकी सरळ बाई हो... आता ते आठवलं की घास उतरत नाही.

कारण त्यानंतर आम्ही सयादिया केली. मासा आणि तपकिरी भात, आणि तो रंग सगळा कांद्याचा. कांदा करपायच्या जेमतेम आधी उतरवायचा, सगळी कला त्यात. ही कला हाज्जांना दिली वरच्या मजल्यावरच्या दमियानाबाईंनी. हाज्जा नव्या नवरी म्हणून या इमारतीत आल्या तेव्हा त्यांना साधा कांदा चिरता येत नव्हता, सासू बोलून बोलून रडवायची, आणि या दमियानाबाई गुपचूप खाली येऊन तळून देऊन जायच्या, मग शेजारी उभं राहून शिकवायच्या. तेव्हापासूनचं मैत्र. सकाळी दमियानाबाई भाजीवाल्यासाठी दोरीने टोपली खाली सोडतात ना, ती आधी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबते. तीत कधी शेपू, कधी लिंबं, आणि वरून आवाज, "तफीदा, जिवंत आहेस का?" की खालून हाज्जा, "तुला पोचवल्याशिवाय जात नाही." झाला यांचा नमस्कार!

हाज्जांनी मला हे सगळं सांगितलं होतं. असंच लिही म्हणाल्या होत्या. आणि मी शहाणा लिहायला बसलो, तर वाटलं, शेजारीण? शेजारणीचा पदार्थ कोण बघणार? लोकांना आई लागते, समुद्र लागतो! मी लिहिलं, 'ही माझ्या आईची सयादिया, माझ्या वडिलांच्या होडीवर शिजायची.' अहो, हाज्जांचे वडील ट्रामवर तिकिटं तपासायचे! होडीत पाय ठेवला की त्यांना उलट्या व्हायच्या!

तर हाज्जा वाचत वाचत आल्या, 'ही माझ्या...' आणि थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? हाताने खूण केली. चला, पुढे चला, अक्षरं चाललीयेत. त्यांनी वाचलं. नंतर हात पुसत म्हणाल्या, "तेवढं काढून टाकशील ना रे?" मी म्हटलं, बघतो. बघितलंही. फार छान दिसत होतं. तसंच नेटवर चढवलं! अक्षरं सरकवली, मग बोट सरकवलं. एवढंच.

व्हिडिओ असा काही चालला म्हणता... आणि दमियानाबाईंची नात असते कॅनडात, तिने कौतुकाने तो पाठवला कोणाला? आपल्या आजीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली खाली आली. आमच्या खिडकीशी थांबली नाही. सरळ खाली गेली, काकड्या घेऊन सरळ वर गेली. हाज्जा खिडकीशी उभ्या, हातात वरती द्यायला काढलेली वाटी, आणि समोर नुसती दोरी हलतेय.

मी व्हिडिओ काढून टाकला. पण काढून काय, लोकांनी तो केव्हाच एकमेकांना पाठवला होता. हाज्जा जिना चढून गेल्या, दार उघडलं नाही. शाहिनाझ माझ्यावर खवळली, तर हाज्जा तिलाच म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस. वाचलं ते माझ्या तोंडाने." शिव्या दिल्या असत्या ना, तर मी निवांत जेवलो असतो. पण त्या माशाच्या डोक्याजवळचा चांगला तुकडा रोज माझ्याच ताटात वाढायच्या, एक अक्षर न बोलता. ज्या घरात या बाईला गप्प कसं करायचं म्हणून मी अॅप आणलं, त्या घरात आता चमच्याचा आवाज यायला लागला.

शेवटी मीच वर गेलो. ऐनवेळी शब्द सुचायचे नाहीत, म्हणून माफीचा मजकूर लिहून मोबाइलवर सरकत ठेवला होता, काय करू, सवय! दमियानाबाईंनी या वेळी दार उघडलं, मी वाचायला लागलो, आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच वाचला.

"अनवधानाने, असं लिहिलंयस."

मी म्हटलं, "नाही मावशी. मुद्दाम केलं."

"तफीदाला ठाऊक होतं?"

"त्या थांबल्या होत्या. मी खूण केली, पुढे चला म्हणून. नंतर काढून टाक म्हणाल्या, तेही मी केलं नाही."

दमियानाबाईंनी मोबाइल माझ्या हातात परत ठेवला. मग चपला पायात सरकवल्या, मला बाजूला केलं आणि कठडा धरत खाली उतरल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "तुझ्या आईला कांदा सोलता तरी येत होता का गं?"

हाज्जा म्हणाल्या, "नाही." आणि रडायलाच लागल्या हो... मग दमियानाबाईही. मी तिथे मांडणीला टेकून उभा, कुठे बघावं कळेना.

चहा झाल्यावर हुकूम निघाला. लोकांना खरं सांगायचं. कोणी? वगदीने, म्हणजे मी. मजकूर कोणाचा? त्या दोघींचा. 'मी वगदी. मी आयुष्यात कांदा तळलेला नाही. ही सयादिया दमियानाची आहे. माझ्या सासूने नको म्हटलेलं मी जगाला दाखवलं.' मी कॅमेऱ्यासमोर, अक्षरं सरकवायला दमियानाबाई, आणि मी मान खाली घातली की हाज्जा बोटाने दाखवायच्या, वर बघ, अक्षरं वर आहेत. शेजारीच कांद्याची कढई चढवलेली, त्या वासाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आणि काय सांगू तुम्हाला, हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. लोक खाली लिहितात, काय गुणी जावई आहे, बघा कसा रडतोय, एक शब्द पाठ केलेला नाही, सगळं आतून येतंय! मला इतकं लाजल्यासारखं झालं... शेवटी मी खाली उत्तर लिहिलं, 'आभारी आहे, मनात होतं तेच बोललो.'

तेसुद्धा दमियानाबाईंनीच सांगितलं, लिही म्हणून.