गजानन सरांचा स्वच्छ इनबॉक्स

डोणगावच्या आमच्या शाळेतल्या गजानन सरांना पसारा अजिबात खपत नाही. एकदा त्यांनी संस्थेकडून येणारी प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न दिसता परस्पर अर्काइव्हमध्ये जाईल अशी सोय करून टाकली. मला मोबाईल दाखवत म्हणाले, "परिपत्रकांचा नुसता कचरा येते हो. आता पाहा, इनबॉक्स कसा सारवलेल्या अंगणावानी दिसते."

त्यांची बायको बुलढाण्याला नोकरीला, म्हणून त्यांनी संस्थेच्या तिथल्या शाळेत बदली मागितली होती. उन्हाळा सरला तरी उत्तर येईना. शेवटी मला सोबत घेऊन ते बुलढाण्याला संस्थेच्या कार्यालयात गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "काऊन हो मॅडम, माणसाले साधं उत्तर तरी द्यावं की नाही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची बदली उन्हाळ्यातच मंजूर झाली. होकार कळवा म्हणून किती मेल केल्या तुमाले. तुमचं काहीच आलं नाही, मंग यादीत तुमच्या मागं असलेल्या शेख सरांले देली ती जागा."

सरांनी तिथेच अर्काइव्ह उघडलं. सगळ्या मेल ओळीनं पडलेल्या होत्या.

परतीच्या एसटीत चिखलीपर्यंत ते एकेक मेल उघडून वाचत होते. मग हळूच म्हणाले, "बायकोले आता काय सांगू?"

मी म्हटलं, "बदली मंजूर झाली होती म्हणून सांगा. खोटं नाही ते."