मागचा पाय

(नालवाडीत पाण्याच्या टाकीकडून उतरणारा डांबरी रस्ता. सकाळ.)

पीयूष : कोपर दाखव.

रुचिका : काही झालं नाई.

पीयूष : रक्त येऊन राह्यलं अन् म्हणते काही झालं नाई. दुखत नाई का?

रुचिका : नाई.

पीयूष : पाय काऊन नाई टेकवला? मी वरून आवाज देऊन राह्यलो होतो.

रुचिका : ऐकू आलं.

पीयूष : मंग?

रुचिका : मंग काही नाई. कंपाउंडची भिंत आली, थांबली मी.

पीयूष : स्केटबोर्ड भिंतीच्या भरोशावर नाई चालवत, रुचिका. तिथं ट्रक राह्यला असता तं?

रुचिका : दादाच्या गाडीपुढं होता तसा?

पीयूष : मले तसं नव्हतं म्हणाचं.

रुचिका : म्हणा न, पीयूषभाऊ. घरी सारेच जपून बोलते. दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाले एवढे लोक आले, बाया रडल्या, मावशीले तं चक्कर आली. मी चहा वाटत होती. मले रडूच नाई आलं. अजूनई नाई येत. भेवई नाई वाटत कायचं.

पीयूष : म्हणून अश्वजितचा बोर्ड काढला?

रुचिका : त्याचे कपडे आईनं वाटून टाकले. हा राह्यला, कारण आई याच्यावर सिलेंडर नेते. अंगणातून सैपाकघरात.

पीयूष : मालूम हाये. अश्वजित हासे, म्हणे आई माह्यापेक्षा मस्त चालवते. कशी थांबवते आई?

रुचिका : उंबऱ्याच्या आधीच चाकाले चप्पल लावते.

पीयूष : एकदम दाबते?

रुचिका : नाई. एकदम दाबलं तं सिलेंडर पुढं पडते. हळूच.

पीयूष : बस, तेच. सारं वजन समोरच्या पायावर. मांगचा पाय खाली सोड, नुसता रोडले लागला पाह्यजे. मंग दाब वाढव. अन् स्पीड वाढण्याआधीच टेकवाचा, नंतर नाई.

रुचिका : अन् नाई टेकवला तं?

पीयूष : तं बोर्ड मी घेऊन जाईन. तुह्या घरी अजून एकदा पुण्यानुमोदनाले नाई येनार मी.

रुचिका : बरं.

पीयूष : अर्ध्यावरूनच जा. टाकीपासून नको.

रुचिका : सोडा हात.

पीयूष : समोर पाह्य, पायाकडं नाई. आता टेकव. रुचिका, टेकव. हळू. अजून. हां, बस.

रुचिका : थांबली.

पीयूष : थांबली. भिंत केवढी दूर हाये पाह्य.

रुचिका : थांबा, बसते मी जराशी.

पीयूष : बस खाली. पाणी पे.

रुचिका : मधात बोर्ड लटपटला न, तवा वाटलं, आता गेली मी. भेव वाटलं, भाऊ.

पीयूष : वाटू दे. चांगलं हाये.

रुचिका : दादालेई वाटलं असन.

पीयूष : वाटलं असन.

रुचिका : अन् त्याच्यासंगं कोणी नव्हतं.