पट्टीखालचं कापड

शिंप्याच्या दुकानात आजी अभ्र्यांसाठी थांबल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारांनी मुलाचा फौजी गणवेश शिंप्यापुढे फळीवर ठेवला.

"बाहीवरच्या पट्ट्या उसवायच्यात."

"बढती वाटतं! मग तोंड गोड करा की," आजी म्हणाल्या.

"बढती कसली. खाली उतरवलाय."

"असं काय केलं पोरानं?"

"सोबत्यांनी शरण आलेल्या माणसाला मारलं. गप्प राहायचा हुकूम मोडून यानं चौकशीत सगळं सांगितलं. आपल्याच माणसांविरुद्ध!"

"शरण आलेल्यावर हात टाकायचा नाही, हे तुम्हीच शिकवायचात त्याला. इथेच, या बाकावर बसून."

"शिकवायचो."

"मग तो स्वतः का नाही आला?"

"गल्लीत तोंड दाखवायचं नाही म्हणतो."

"तो म्हणतो, की तुम्ही?"

आजींनी सरकून बाकावर जागा केली, पण हवालदार बसले नाहीत.

शिंप्यानं बाही उजेडात धरली. "खूण राहील हं. बाकीचं कापड विटलंय, पट्टीखालचं नव्यासारखं असणार."

"राहू दे."

"पण फौजेतली माणसं तुम्ही, सुईदोरा खिशात बाळगणारी. चार टाके घरीच उसवायचे होते."

"सकाळपासून ब्लेड घेऊन बसलो होतो. शिवल्या मीच होत्या ना. हात धजेना."