वरून घातलेलं पाणी

तुमच्या परदेशातल्या नातवंडांसाठी लिहून घेताय म्हणून सांगते बाई, माझा जन्म वैजापूरकडच्या देशमुखाच्या घरातला, दारात पाच बैलजोड्या, बायकांना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची मुभा नाय. लग्नानंतर दोन वर्षांत धनी गेले, सासरी कुणी ठेवून घेईना, माहेरी भावजयीच्या राज्यात किती दिवस बसणार, म्हणून इथं शहरात किरिस्ताव सिस्टर लोकांच्या दवाखान्यात आयाचं काम धरलं.

पहिल्याच दिवशी काय केलं, काय सांगू तुम्हाला. मी देशमुखाची, हे सकाळीच सगळ्या वॉर्डाला ऐकवून झालं होतं. एका म्हातारीनं पाणी मागितलं. आमच्या घरी गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणी वरून ओंजळीत घालायची रीत, हात लागू द्यायचा नाय. ही म्हातारी तिकडचीच, सवयीनं मी तसंच घातलं. तिचे हात थरथरत होते, सगळं पाणी लुगड्यावर. म्हातारी म्हणाली, अगं देशमुखीण, मी काय रोपटं हाय व्हय, वरून पाणी घालायला? सगळा वॉर्ड हसला. मोठ्या सिस्टर पुढं आल्या. पेला घेतला, तिच्या मानेखाली हात घालून घोट घोट पाजलं. मला लई लाज वाटली.

दुपारी मी सिस्टरला विचारलं, भिंतीवरच्या फोटोतली ती मुकुटवाली कोण? म्हणाल्या, ती राजाची लेक, आमची संत. तरणीताठी असताना नवरा गेला, तर दवाखाना बांधला आन् महारोग्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. मी म्हटलं, तिला माहेर नव्हतं? म्हणाल्या, होतं की, न्यायला माणसं आली होती. ती गेली नाय.

आठ दिवसांत माझे दादा आले. फाटकातूनच म्हणाले, देशमुखाची लेक लोकांची घाण काढते, गावात तोंड दाखवता येईना, चल, जीप उभी हाय, नाय आलीस तर माहेर तुटलं समज. माझी आई होती हो त्या घरात. लई रडले. पण आत त्याच म्हातारीच्या अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. म्हटलं, दादा, थांबा, एवढं उरकते. दादा थांबले नाय. आई पुन्हा दिसली नाय, तेवढं सलतं.

बाकी पस्तीस वर्षं सुखानं गेली बाई. मी किरिस्ताव झाले नाय, सिस्टरनी कधी म्हटलंबी नाय. एकादशी माझी, नाताळचा केक त्यांचा. किती जणांनी जाताना डोक्यावर हात ठेवला, मोजायला बसले नाय.

आता दादांची नात नर्सिंग शिकायला आली, इथं उस्मानपुऱ्यात माझ्याच खोलीत राहती. दादांनीच माझा पत्ता हुडकून धाडली. ते अजून माझ्याशी बोलत नाय. पण पोरगी गावाहून आली की बाजरीचं गाठोडं येतं तिच्यासंगं. एकट्या पोरीला एवढी बाजरी कशाला लागती? मी आपली दोघींच्या भाकऱ्या थापते. देव त्यांना सुखी ठेवो, आन् तुमच्या नातवंडांनाबी.