हरवलेले पाच सेकंद

तसं नाही हो दादा, लाल स्टिकर चांगलाच आहे, शोभतोही गाडीला — पण पिवळा दिलात तर बरं होईल, एवढंच म्हणतेय मी. गुपचूप. सत्तेचाळीस नंबर. हो, तीच, निळी मोटारसायकल, हेल्मेटखालून पांढरी दाढी बाहेर येते ते — आमचे हे. तुमची ही पोरं त्यांना आजोबा म्हणतात ना? म्हणू देत, म्हणू देत. वरवर रागावतात, पण घरी आल्यावर मलाच सांगतात, आज चारदा आजोबा म्हणाले म्हणून. चौपन्न वय हो त्यांचं. छापखाना आहे आमचा. दिवसभर चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर तपासणारा माणूस — भाजी आणायला पाठवलं तर रस्ता ओलांडताना तीनदा इकडे बघणार, तीनदा तिकडे, तोवर भाजीवाला घरी जायचा. आणि इथे आले की बघा! तो चामड्याचा पोशाख चढवायला मला लागतात वीस मिनिटं — मी ओढते, ते श्वास रोखतात — आणि एकदाची झिप वर गेली की चालायला लागतात असे, जसं काही ट्रॅक ह्यांच्या वडिलांनीच बांधलाय.

कारण? कारण कशाला हवं, बायको सांगतेय की. नाही चालत? घरी चालतं हो. बरं, बरं, हसू नका. दोन मिनिटांच्या आत फेरी मारणारे लाल गटात, त्याहून हळू ते पिवळ्या, नवशिके हिरव्या — मला काय शिकवताय, सहा वर्षं त्या भिंतीला टेकून ह्यांच्या वेळा टिपतेय मी. आजवर प्रत्येकाच्या घरचंच माणूस वेळ टिपायचं, घरच्यांनी सांगितलेली वेळ फॉर्मवर लिहायची, तुम्ही विश्वास ठेवायचा. आता तुम्हीच ह्या खेपेला गाडीला वेळ मोजणारी चिप लावायचं काढलंत ना? फार छान केलंत. माझ्या पायाखालची वाळू सरकली सकाळी, पण छान केलंत.

म्हणजे काय, म्हणजे — फळ्यावर त्यांची वेळ काय आली, बघितलीत ना? दोन मिनिटं चार सेकंद. आणि फॉर्मवर काय आहे? एक एकोणसाठ. पाच सेकंदांचा फरक. आता हे शोधायला लागलेत, पाच सेकंद गेले कुठे. सकाळपासून गाडी उघडून बसलेत — चेन सैल करून बघितली, पुन्हा आवळली, टायरची हवा तीनदा मोजली, एअर फिल्टर काढून उन्हात धरला, शेजारच्या तंबूतल्या मेकॅनिकचं डोकं खाल्लं. तो बिचारा म्हणतोय, काका, गाडी अगदी ठणठणीत आहे. हे म्हणतात, मग पाच सेकंद काय उंदरानं खाल्ले? मी आपली बाजूला बसून चहा ओततेय. गाडीत कुठून सापडणार? ते माझ्यापाशी आहेत.

झालं. निघालं तोंडातून. आता ऐकाच.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं ह्यांच्या. आठ महिने घरात. छापखान्यात जायचे, खुर्चीत बसायचे, पण काही चुकलेलं असलं तरी ओरडायचे नाहीत — तुम्हाला नाही कळायचं, आमचे हे ओरडत नाहीत म्हणजे काळजीचंच. मग पहिल्यांदा परत इथे आले, दोन फेऱ्या मारल्या, भिंतीपाशी थांबले, हेल्मेटची काच वर केली — तेवढेच डोळे दिसत होते — आणि विचारलं, किती? माझ्या हातातल्या घड्याळात होते दोन मिनिटं आठ. मी म्हटलं, पाच. काय बिघडलं? तीन सेकंद. घरी येईपर्यंत गात होते. मग पुढच्या वेळी तीन कमी सांगितलेले धरूनच पुढे जायला नको का? त्यांची एक सेकंदाने सुधारणा झाली की मी दीड कापायची. असं करत करत मागच्या खेपेला एक एकोणसाठ झालं. दोन मिनिटांच्या आत! अहो, त्या वेळेची कार्डं छापली त्यांनी, उठावदार अक्षरात, स्वतःच्या हाताने — पंचवीस. माझ्या माहेरीसुद्धा पाठवलं. माझा भाऊ फोनवर म्हणाला, ताई, हे कशाचं आमंत्रण आहे?

हसा, मीही हसलेच की. आज सकाळपर्यंत हसतच होते. पण आज तुमच्या लाल गटात बघितलं त्यांना. ती पंचविशीची पोरं डावीकडूनही जात होती, उजवीकडूनही. त्या खालच्या वळणावर एकजण इतका जवळून गेला, की ह्यांची गाडी हलली — माझा अंगठा घड्याळावरच राहिला, दाबायचं सुचलंच नाही. बाहेर आल्यावर मला म्हणतात, आज वारा जास्त आहे. एक पान हलत नव्हतं हो! आणि आत्ता मघाशी म्हणाले, गाडीत दोष नाही, म्हणजे माझ्यात आहे — मी भितोय, आता त्या वळणावर ब्रेक उशिरा लावतो. उशिरा! जे पाच सेकंद त्यांचे कधी नव्हतेच, ते आणायला निघालेत.

म्हणून म्हणतेय, पिवळा द्या. सांगा, लाल गटात गर्दी झाली. सांगा, यादीत चूक झाली. तुमचं काय जातंय? — नाही जमणार म्हणता. मीच खोटं सांगायचं, वर तुम्हालाही सांगायला लावायचं. बरोबर आहे तुमचं. सही त्यांचीच लागते? आणि का बदलतोय, तेही त्यांनीच लिहायचं? म्हणजे मला सांगावंच लागणार. ते ओरडणार नाहीत, तीच तर पंचाईत आहे. ओरडले असते तर मी दोन दिवस गप्प राहिले असते, मिटलं असतं. ते नुसते म्हणतील, असं होय. आणि हातमोजे काढत बसतील, एकेक बोट करून. आणि ती कार्डं — पंचवीस घरांत गेलीत हो ती.

पण जाऊ दे ती कार्डं. माणूस धड घरी येऊ दे. जेवणानंतर सांगेन, पोट भरलेलं असलं की —

हे काय वाजलं? कोणता गट? लाल? अहो, अकराला म्हणाला होतात ना — अकरा वाजले? आणि इतका वेळ तुम्ही मला बोलत ठेवलंत! काय माणूस आहात! सरका, ती खुर्ची घ्या मागे — तो फॉर्म द्या इकडे, पेनही द्या — अहो! सत्तेचाळीस! अहो, थांबा, गाडी बंद करा आधी — दोन आठ होते, ऐकलंत का, तेव्हा दोन मिनिटं आठ होते —